धुरीपेटीची घडवंची

पूर्वीच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या घागरी ठेवायला लाकडाची घडवंची असे. आजही खेड्यापाड्यांतून ती कुठेकुठे दिसते. तिचे रूप अगदी साधे असते. खाली पसरट बैठक, चार जाड पाय आणि वर घागरींची बुडे बसतील अशी फळी. दोन-तीन भरल्या घागरी म्हणजे चाळीस-पन्नास किलोग्रॅमचा भार. घरातली पोरे शेजारून धावायची, बायका दिवसातून दहा वेळा घागर चढवायच्या-उतरवायच्या, तरी घडवंची बापडी जागची हलत नसे.

या घडवंचीची आठवण मला करून दिली ती अमेरिकेतून आलेल्या एका छायाचित्राने. माझा भाचा टेक्सास राज्यात राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने घरामागच्या अंगणात विजेवर चालणारी धुरीपेटी आणली आणि ती ठेवण्यासाठी स्वतःच्या हाताने लाकडी स्टँड केला. तिसऱ्याच आठवड्यात पेटी पुढच्या बाजूला कलंडली. छायाचित्रात ती उताणी पडली होती, दार उघडे होते, आतले पाणी आणि जळके लाकडी तुकडे गवतावर सांडले होते. खाली त्याने लिहिले होते, ‘‘मामा, चारही पाय चांगले ठोकले होते. तरी कशी पडली? मी बाजूला उडी मारली म्हणून वाचलो. छकुली दोनच मिनिटांपूर्वी तिथून आत गेली होती.’’

पंचवीस किलोग्रॅमची तापलेली पेटी सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. मी त्याला लिहिले, ‘‘आधी मोजमापे पाठव. पाय का निसटले ते नंतर पाहू. वजन कुठे होते ते आधी पाहू.’’ त्यानंतर आम्हा दोघांत जो पत्रव्यवहार झाला, त्याचे सार तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या घरी धुरीपेटी नसेल. पण उंचावर ठेवलेली जड वस्तू प्रत्येक घरात असते.

धुरीपेटी म्हणजे काय?

धुराने अन्न टिकवण्याची युक्ती फार जुनी आणि जगभर पसरलेली आहे. नागालँडमध्ये चुलीवर मांस टांगून ठेवतात. लक्षद्वीपमध्ये कुपा मासा उकडून, धुरावर धरून आणि उन्हात वाळवून ‘मासमीन’ करतात. टेक्सासमध्ये ही रीत विशेष रुजली, त्यात एकोणिसाव्या शतकात तिथे स्थायिक झालेल्या जर्मन आणि चेक खाटकांचा मोठा वाटा आहे.

धुराने अन्न टिकते याची कारणे दोन. एक म्हणजे मंद उष्णतेने अन्नातले पाणी कमी होते आणि जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. दुसरे कारण खुद्द धुरात आहे. लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे मुख्य घटक असतात. अपुऱ्या हवेत लाकूड धुमसू लागले की लिग्निनचे विघटन होऊन ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे तयार होतात. धुराचा खास वास त्यांचाच. ही संयुगे जंतूंची वाढ रोखतात आणि चरबी खवट होऊ देत नाहीत. अर्थात धूर म्हणजे अमृत नव्हे. त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्येही असतात. त्यामुळे असे अन्न रोजचे नसावे.

विजेची धुरीपेटी दिसायला लहान फ्रिजसारखी असते. भाच्याची पेटी सुमारे ८० सेंटीमीटर उंच, ४५ सेंटीमीटर खोल आणि २५ किलोग्रॅम वजनाची आहे. तळाशी ८०० वॅटचे तापतार, त्यावर लाकडाचे बारीक तुकडे ठेवण्याची ताटली, तिच्यावर पाण्याचे भांडे आणि त्यावर एकावर एक जाळ्या, अशी आतली रचना. थर्मोस्टॅट आतले तापमान साधारण २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ ते १२१ अंश सेल्सिअस राखतो. पाच-सहा किलोग्रॅमचा मांसाचा तुकडा तयार व्हायला दहा-दहा तास लागतात. एवढा वेळ पेटीजवळ कोणी पहारा देत बसत नाही, म्हणून ती ज्यावर उभी आहे ते विश्वासाचे हवे.

पेटी जमिनीवरच का ठेवू नये? ठेवता येते. पण जाळी ओढायला दर वेळी कंबरेत वाकावे लागते, पावसाचे पाणी तळाशी उडते आणि उन्हाळ्यात सुकलेले गवत तापलेल्या तळाजवळ येते. म्हणून स्टँड.

ओळंबा काय सांगतो?

एक काड्यापेटी घ्या. ती टेबलावर आडवी ठेवून बोटाने ढकला. ती सरकेल, कलंडणार नाही. आता तीच काड्यापेटी टोकावर उभी करा आणि वरच्या बाजूला अलगद बोट लावा. ती लगेच पडेल. वजन तेच, वस्तू तीच. बदलले ते दोनच आकडे. वजन किती उंचावर आहे आणि तळ किती रुंद आहे.

कोणत्याही वस्तूचे सारे वजन एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. गुरुत्वमध्यातून एक ओळंबा खाली सोडला आहे अशी कल्पना करा. जोपर्यंत ओळंब्याचे टोक पायांनी वेढलेल्या जागेत पडते, तोपर्यंत वस्तू कितीही तिरकी झाली तरी परत जागेवर येते. टोक त्या जागेच्या बाहेर गेले की तेच वजन तिला पाडू लागते.

आता भाच्याच्या पेटीचे गणित करू. पेटीचा गुरुत्वमध्य तिच्या मधोमध, म्हणजे तळापासून ४० सेंटीमीटर उंचीवर आहे असे समजू. पेटीची खोली ४५ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून पुढच्या कडेपर्यंत साडेबावीस सेंटीमीटर. एका कागदावर ही आकृती प्रमाणात काढा. पुढच्या कडेपासून गुरुत्वमध्यापर्यंत रेघ ओढा आणि ती उभ्या रेषेशी किती कोन करते ते कोनमापकाने मोजा. तो सुमारे २९ अंश भरेल. दहावीच्या मुलांना हाच कोन त्रिकोणमितीने काढता येईल. जमिनीवर ठेवलेली पेटी २९ अंशांपर्यंत कललीच तरी पडणार नाही, असा याचा अर्थ.

भाच्याने काय केले? पेटीच्याच मापाचा, ४५ सेंटीमीटर खोल आणि ४५ सेंटीमीटर उंच असा स्टँड केला. लाकूड वाचले आणि तो दिसायलाही नेटका दिसला. पण पेटीचा गुरुत्वमध्य आता जमिनीपासून ८५ सेंटीमीटरवर गेला. स्टँडचे वजन होते अवघे ५ किलोग्रॅम आणि त्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य सुमारे २२ सेंटीमीटरवर. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य असा काढतात:

२५ × ८५ = २१२५
५ × २२ = ११०
बेरीज २२३५, एकूण वजन ३०, भागाकार ७४.५ सेंटीमीटर.

पुन्हा आकृती काढा. पाया तोच साडेबावीस, उंची मात्र साडेचौऱ्याहत्तर. कोन भरतो फक्त १७ अंश. स्टँडने पेटी हाताशी आणली, पण तिची सुरक्षितता जवळजवळ निम्म्यावर आणली!

तुम्ही म्हणाल, १७ अंश काही कमी नाहीत. बरोबर. नुसती उभी राहिली असती तर पेटी पडली नसती. तिसऱ्या आठवड्यात नेमके काय घडले ते पाहा.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. पुढचे दोन पाय मऊ मातीत ४ सेंटीमीटर रुतले. त्यामुळे सारा डोलारा ५ अंश पुढे कलला आणि ओळंब्याचे टोक सुमारे साडेसहा सेंटीमीटर पुढे सरकले. शिवाय खिळ्यांचे सांधे सैल होऊन स्टँडची वरची चौकट खालच्या पायांच्या मानाने ५ सेंटीमीटर पुढे झुकली होती. साडेबावीसमधून साडेसहा गेले, पाच गेले, उरले ११ सेंटीमीटर. आता भाच्याने दार उघडून मांसाची जाळी पुढे ओढली. जाळी आणि मांस मिळून ६ किलोग्रॅम, पायांच्या ओळीच्या ३० सेंटीमीटर पुढे. तराजूचा हिशेब करा. पेटी सावरणारी बाजू ३० × ११ = ३३०. पाडणारी बाजू ६ × ३० = १८०. शिल्लक १५०. जाळी जमिनीपासून १०० सेंटीमीटर उंचीवर होती. म्हणजे दीडशेला शंभराने भागले की दीड किलोग्रॅम! जाळी जरा अडकली म्हणून त्याने एक हिसका दिला. त्या हिसक्यात दीड किलोग्रॅमपेक्षा जास्त ओढ होती, एवढेच.

एकेक कारण वेगळे घेतले तर क्षुल्लक. ओली माती, सैल सांधा, पुढे ओढलेली जाळी. पण ही सारी कारणे एकाच दिशेने वजाबाकी करत होती. अपघात बहुधा असेच होतात.

चौकोन लवतो, त्रिकोण लवत नाही

स्टँडची चौकट झुकली का? भाच्याने प्रत्येक सांध्यावर एक-एक खिळा ठोकला होता. खिळा म्हणजे बिजागरीच झाली की!

जाड पुठ्ठ्याच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या कापा आणि टोके टाचण्यांनी जोडून चौरस करा. तो दोन बोटांनी दाबा. चौरसाचा समांतरभुज चौकोन होईल. बाजूंची लांबी बदलली नाही, तरी आकार बदलला. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा आणि दाबून पाहा. पट्टी मोडल्याशिवाय तो हलणार नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच आणि पक्का, हे तुम्ही भूमितीत ‘बाबाबा’ कसोटी म्हणून शिकला आहात. पुस्तकातली ती कसोटी लाकडालाही लागू पडते. मघाच्या लवणाऱ्या चौरसात एक कर्ण बसवा. त्याचे दोन त्रिकोण झाले आणि तोही घट्ट झाला.

आगगाडीच्या लोखंडी पुलाच्या कमानी, कौलारू घराच्या छपराची कैची, विजेच्या तारांचे उंच मनोरे यांच्याकडे या दृष्टीने पाहा. सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण दिसतील. भाच्याच्या स्टँडमध्ये एकही नव्हता.

तीन पाय की चार?

भाच्याने विचारले, ‘‘मामा, तीन पायांची तिवई करू का? ती कधी डगमगत नाही.’’

हे खरे आहे. कोणत्याही तीन बिंदूंमधून एक प्रतल नेहमीच जाते. म्हणून ओबडधोबड जमिनीवरही तिवईचे तिन्ही पाय टेकतात. चौथा पाय त्याच प्रतलात असेलच असे नाही. त्यामुळे चार पायांचे टेबल डुगडुगते. कॅमेऱ्याला आणि जमीनमोजणीच्या दुर्बिणीला तीन पायांची घोडी देतात ती याचसाठी.

पण न डगमगणे वेगळे आणि न कलंडणे वेगळे. ७० सेंटीमीटर बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांत चार पाय असले, तर मध्यापासून कोणतीही कड ३५ सेंटीमीटरवर येते. मध्यापासून पायांचे अंतर तेवढेच ठेवून तीन पाय लावले, तर त्या त्रिकोणाची कड मध्यापासून २५ सेंटीमीटरपेक्षा थोडी कमीच भरते. तिन्ही दिशांना ती तिवई लवकर कलंडेल. कॅमेरा हलका असतो, तिथे चालते. तापलेल्या पेटीला चारच पाय बरे. डुगडुग घालवायला पायाखाली फरशी देता येते, अरुंद पायावर मात्र इलाज नाही.

नवी घडवंची

अमेरिकेत घरगुती सुतारकामासाठी जे लाकूड सर्रास मिळते त्याला ‘टू-बाय-फोर’ म्हणतात. नावावरून ते २ इंच जाड आणि ४ इंच रुंद असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते दीड इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर भरते. ओले लाकूड कापल्यावर ते वाळून आकसते आणि वर रंधा फिरतो, त्यातून हे माप आले आणि पुढे तेच प्रमाण ठरले. भाच्याची पहिली आकृती नावातल्या मापाने काढलेली, त्यामुळे त्याचे तुकडे जुळेनात. तेव्हा पहिला धडा असा, की नाव वाचू नये, पट्टी लावावी.

नवा स्टँड त्याने असा केला.

१. पाया ७० × ७० सेंटीमीटर, उंची मात्र ४५च. उंची गरजेपुरती ठेवायची. वाढवायची ती रुंदी.

२. वर एक आणि जमिनीपासून सुमारे १२ सेंटीमीटरवर एक अशा दोन चौकटी. चौकट काटकोनात बसली का, हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले पाहिजेत. ७० च्या चौरसाचा कर्ण ७० × १.४१४, म्हणजे ९९ सेंटीमीटर. गवंडी घराची आखणी करताना हीच युक्ती वापरतात.

३. प्रत्येक सांध्याला खिळ्याऐवजी दोन-दोन नट-बोल्ट, खाली वायसर घालून. एका बोल्टभोवती लाकूड फिरू शकते, दोन बोल्टांभोवती फिरत नाही.

४. डाव्या, उजव्या आणि मागच्या बाजूला एकेक तिरकी पट्टी. बाजूच्या पट्ट्या स्टँडला पुढे-मागे झुकू देत नाहीत, मागची पट्टी डावीकडे-उजवीकडे झुकू देत नाही. पुढची बाजू मोकळी ठेवली.

५. वर फळ्या, पण एकमेकींना चिकटून नव्हेत. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून वाकतात, आणि पावसाचे पाणीही साचून राहते.

६. खालच्या चौकटीवर फळ्या टाकून त्यांवर काँक्रीटच्या दोन फरशा, दोन्ही मिळून १५ किलोग्रॅम. भाच्याला हे उगाच ओझे वाटले. मी म्हटले, ‘‘तेच तर मुख्य आहे. हिशेब करून पाहा.’’

७. पेटीचे पाय सरकू नयेत म्हणून वर चारी बाजूंनी पट्ट्या, आणि पेटीचा तळ धातूच्या कोनपट्टीने स्टँडला जखडलेला. असे केले तरच पेटी आणि स्टँड मिळून एक वस्तू होते. नुसती वर ठेवली तर स्टँड जागेवर राहील आणि पेटी एकटीच पडेल.

आता नवा हिशेब. लाकूड जास्त लागल्यामुळे स्टँडचे वजन २० किलोग्रॅम झाले. त्याचा गुरुत्वमध्य २५ सेंटीमीटरवर आणि फरशांचा १५ सेंटीमीटरवर धरू.

२५ × ८५ = २१२५
२० × २५ = ५००
१५ × १५ = २२५
बेरीज २८५०, एकूण वजन ६०, भागाकार ४७.५ सेंटीमीटर.

पाया ३५, उंची ४७.५. आकृती काढून कोन मोजा. तो ३६ अंश भरतो! नुसती जमिनीवर ठेवलेली पेटी २९ अंशांवर पडत होती. म्हणजे उंचावर चढूनही पेटी जमिनीवरच्यापेक्षा अधिक स्थिर झाली. पेटी तेवढ्याच उंचीवर आहे, फक्त खालचे वजन आणि पाया यांनी साऱ्याचा गुरुत्वमध्य खाली ओढला आहे. एक मीटर उंचीवर ओढून तिला पाडायचे तर किती जोर लागेल? ६० × ३५ भागिले १००, म्हणजे २१ किलोग्रॅम. जुन्या स्टँडला, तो सरळ उभा असतानासुद्धा, पावणेसात पुरत होते.

आच, ओल आणि वीज

स्टँड पडू नये एवढे पाहून काम संपत नाही. वर आच आहे, खाली ओल आहे आणि मागून विजेची तार आली आहे.

लाकूड पेट घेते ते साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर. पेटीचा तळ एवढा तापत नाही. पण दहा-दहा तासांची आच पुन्हापुन्हा बसली तर लाकूड कोरडे पडते आणि काळवंडते. म्हणून फळ्यांवर सिमेंटचा पातळ पत्रा घातला आणि पेटीच्या बुटक्या पायांमुळे मध्ये हवेचा थर राहिला. हवा उष्णतेची मंदवाहक आहे. शिवाय मोकळी हवा तापून वर निघून जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. पेटी घराच्या भिंतीपासूनही दूर ठेवली.

जमिनीकडून येणारी ओल लाकडाच्या कापलेल्या टोकातून सर्वांत जास्त शिरते, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या असतात. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब कधी मातीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा करत. भाच्याने चारही पायांखाली काँक्रीटच्या फरश्या बसवून असेच तळखडे केले. त्यांवर पाणसळ ठेवून चारही एका पातळीत आणले. ओल टळली आणि पाय रुतणेही थांबले.

उघड्यावर ठेवायच्या लाकडाला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून अमेरिकेत तांब्याची संयुगे दाबाने मुरवलेले लाकूड विकतात. २००३ सालापर्यंत घरगुती लाकडातही क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवत असत. म्हणून मी भाच्याला बजावले, ‘‘स्टँड करताना उरलेले तुकडे धुरीच्या ताटलीत टाकू नकोस.’’ त्या धुरातून विषारी द्रव्ये अन्नात उतरतील. धुरीसाठी हिकरी, ओक, सफरचंद अशा झाडांचे स्वच्छ, सुके लाकूडच वापरतात. पेटी घरात किंवा बंद गॅरेजमध्येही चालवायची नाही. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो.

आता वीज. अमेरिकेत घरातला दाब १२० व्होल्ट असतो. ८०० वॅटला १२० ने भागले की पावणेसात अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला साडेतीन अँपिअर पुरले असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. जोडतारेचा रोध ०.४ ओहम धरला तर तिच्यात ६.७ × ६.७ × ०.४, म्हणजे सुमारे १८ वॅट उष्णता तयार होते. तार मोकळी पसरली असेल तर ही उष्णता हवेत जाते. वेटोळे करून ठेवली तर आतल्या आत साठते आणि आवरण वितळू शकते. म्हणून तार जाड, आखूड आणि उलगडलेली हवी, आणि येण्याजाण्याच्या वाटेत नको. पायात अडकलेली तार हाही एक हिसकाच असतो.

अंगणातल्या प्लगवर आणखी एक राखणदार असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ साली ही युक्ती शोधली. एका तारेने जितका प्रवाह गेला तितकाच दुसरीने परत आला पाहिजे. पाच मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, तर तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असावा असे समजून हे उपकरण डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रवाह तोडते. आपल्याकडेही घरांतून असे रक्षक बसवतात. ते सहसा ३० मिलिअँपिअरला तोडतात.

ताणकाट्याची परीक्षा

स्टँड तयार झाल्यावर भाच्याने पेटी चढवली, पण गरम केली नाही. आधी परीक्षा. एक मीटर उंचीवर दोर बांधून त्याने ताणकाट्याने पुढे ओढले. सोबत मागच्या बाजूला एक धडधाकट मित्र उभा केला होता. काटा पंधरावर गेला, अठरावर गेला, विसावर गेला. मागचे पाय उचलले नाहीत. तिथेच त्याने थांबायचे ठरवले. मग सगळ्या जाळ्या विटा ठेवून पुढे ओढल्या आणि पाणसळ पाहिली. बुडबुडा मध्यावरच होता.

तरीही एक नियम त्याने अंगणात आखून ठेवला आहे. पेटीभोवती दीड मीटरवर पांढऱ्या चुन्याचे वर्तुळ, आणि त्याच्या आत छकुलीने यायचे नाही.

तुमच्या घरी

आता तुमच्या घराकडे या. विदर्भात आणि खानदेशात उन्हाळा लागला की खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर कूलर चढतो. त्यातले ४० लिटर पाणी म्हणजेच ४० किलोग्रॅम. टाकी तळाशी असते म्हणून बरे. पण घोडी स्वतःच उंच असेल तर ती टाकीही उंचावर जाते. घोडीच्या पायांत तिरक्या पट्ट्या आहेत का? पाय मातीत आहेत की फरशीवर? पाणी भरण्यापूर्वी घरातले सगळे प्लग काढतात ना? ओला कूलर आणि चालू वीज यांची गाठ दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जीव घेते.

मोठ्या माणसांना बरोबर घेऊन एवढे करा.

१. घरातली उंचावर ठेवलेली एक जड वस्तू निवडा. वस्तूची आणि स्टँडची मापे व वजने लिहून दोघांचा मिळून गुरुत्वमध्य काढा.

२. प्रमाणात आकृती काढून कलंडण्याचा कोन मोजा. तो २० अंशांपेक्षा कमी भरला तर खाली वजन वाढवून किंवा पाया रुंद करून पुन्हा हिशेब करा.

३. स्टँडच्या चारही बाजूंना किती त्रिकोण आहेत ते मोजा.

आणि आजोळी जुनी घडवंची अजून असेल, तर तिचे पाय वर एकमेकांच्या जवळ आणि खाली फाकलेले आहेत का, ते एकदा टेप लावून पाहा. तसे असतील तर ते तसे का केले असावेत, हे आता तुम्हीच आजीला समजावून सांगाल.